तुर्की शिकायला इंग्रजीचं दार कशाला?

तुर्की भाषेवरची ती रील तुम्ही कधी ना कधी पाहिली असणार. पडद्यावर एक शब्द सरकत जातो, संपतच नाही : चेकोस्लोवाक्यालिलाश्तिरामादिक्लारिमिझदान. त्याच्या मागे ‘मिसिनिझ’ हे शेपूट. अर्थ काय, तर ‘आम्हांला ज्यांना चेकोस्लोवाकियाचे करून टाकता आलं नाही, त्यांच्यापैकी आहात का तुम्ही?’ हसून झालं की खालचा जाणकार आवाज गंभीर होतो. म्हणतो, बघा, तुर्की म्हणजे लेगो. ठोकळ्यावर ठोकळा ठेवायचा. अपवाद नाहीत, गणित आहे नुसतं. आणि मग हळूच एक वाक्य येतं : आपल्या भाषांसारखा गोंधळ नाही तिथे.

या दोन वाक्यांशी माझं भांडण आहे. पहिलं अर्धं खोटं आहे, दुसरं पूर्ण. आणि ही दोन्ही वाक्यं आपल्याला खरी वाटतात याचं कारण एकच : आपण तुर्कीकडे इंग्रजीच्या खिडकीतून बघतो, आणि मराठीकडे तर बघतच नाही.

आधी एक खुलासा. तुर्की लिपीत ठिपका नसलेला एक ‘आय’ असतो, त्याचा स्वर मराठीत नाही. इथे तो मी ‘इ’वर भागवतो. तुर्की येणाऱ्यांनी माफ करावं, बाकीच्यांना फरक पडणार नाही.

एक शब्द, पाच तुकडे

चेकोस्लोवाकियावाला शब्द कोणी रोज बोलत नाही. तो शाळकरी पोरांच्या ‘कच्चा पापड, पक्का पापड’सारखा आहे. इस्तंबूलच्या कुठल्याही घरात सहज ऐकू येईल असा शब्द घेऊ : एवदेकिलेरे.

‘एव’ म्हणजे घर. ‘एवदे’ म्हणजे घरात. त्याला ‘कि’ लावला की ‘एवदेकि’, म्हणजे घरातला किंवा घरातली. ‘लेर’ लावला की अनेकवचन, ‘एवदेकिलेर’, घरातले लोक. आणि शेवटी ‘ए’ : एवदेकिलेरे. इंग्रजीला हे सांगायचं तर चार-पाच सुटे शब्द जमवावे लागतात. म्हणून इंग्रजीतून शिकवणारा माणूस इथे थांबतो, डोळे मोठे करतो आणि म्हणतो, ‘केवढं एका शब्दात!’

मराठीत हे काय आहे? ‘घरातल्यांना.’

मोजून बघा. घरा, त, ल्या, त्यावरचा अनुस्वार, ना. पाच तुकडे, तोच क्रम, तीच कामं. ‘दे’चं काम ‘त’ करतो. ‘कि’चं काम ‘ला-ली-लं’ करतो. ‘लेर’ या अख्ख्या अक्षरसमूहाचं काम आपल्याकडे एक ठिपका करतो. ‘ए’चं काम ‘ना’ करतो. ‘घरातल्यांना विचारून सांगते’ हे वाक्य तुम्ही फोनवर शेकडो वेळा बोलला असाल आणि एकदाही ‘केवढं एका शब्दात!’ असं तुम्हांला वाटलं नसेल. वाटायचं कारणही नाही. पण मग तुर्कीतलं तेच बघून टाळ्या कशाला?

अजून घ्या. तुर्कीत ‘बेनिम इचिन’ म्हणजे माझ्यासाठी. ‘अली इचिन’ म्हणजे अलीसाठी. इंग्रजीतून आलेली पुस्तकं इथे सूचना देतात : लक्षात ठेवा, ‘मी’, ‘तू’, ‘तो’ अशा सर्वनामांना ‘इचिन’च्या आधी मालकीचं रूप लागतं, नामाला लागत नाही. शिकणारा घोकतो. मराठी माणसानं घोकायचं काय आहे त्यात? आपणही ‘माझ्यासाठी’ म्हणताना ‘माझा’ वापरतो आणि ‘अलीसाठी’ म्हणताना नुसता अली. ‘बेनिम गिबी’, माझ्यासारखा. ‘अली गिबी’, अलीसारखा. नियम आपल्या तोंडात तयार बसलेला आहे.

‘इस्तांबुलदान गेलदिम’, म्हणजे इस्तंबूलहून आलो. ‘अलिदेन ब्युयुक’, म्हणजे अलीहून मोठा. कुठून आलो ते सांगणारा आणि कुणापेक्षा मोठा ते सांगणारा प्रत्यय तुर्कीत एकच, आणि आपला ‘हून’ही तसाच. इंग्रजीत या दोन कामांना दोन वेगळे शब्द लागतात, म्हणून इंग्रजी पुस्तकात हे दोन वेगळे धडे असतात. तुमचे दोन आठवडे त्यात जातात.

‘बाना किताप लाझिम.’ बाना म्हणजे मला. किताप म्हणजे आपली किताब. लाझिम म्हणजे उर्दू-हिंदीतलं लाज़िम. मला पुस्तक हवंय. गरज ज्याला आहे तो कर्ता होऊन पुढे उभा राहत नाही, ‘ला’ लावून बाजूला बसतो. तुर्कीतही, मराठीतही. ‘कारदेशिम वार’ म्हणजे अक्षरशः ‘भावंड-माझं आहे’. ‘जवळ असणे’ यासाठी इंग्रजीसारखं एक ठोक क्रियापद तुर्कीत नाही, आपल्यातही नाही. आपण ‘मला भाऊ आहे’ म्हणतो आणि मोकळे होतो.

आणि माझं सगळ्यात आवडतं. ‘दोक्तोर आरियोरुम’ म्हणजे मी डॉक्टर शोधतोय, कुणीही चालेल. ‘दोक्तोरु आरियोरुम’ म्हणजे मी डॉक्टरांना शोधतोय, ठरावीक डॉक्टर, आत्ता इथे होते ते. इंग्रजी पुस्तकात यावर एक जाडजूड प्रकरण असतं : कर्म निश्चित असेल तरच प्रत्यय, अनिश्चित असेल तर नाही. मराठीत ‘मुलगी बघतोय’ आणि ‘मुलीला बघतोय’ यांतला फरक लग्नाळू पोराच्या आईला कुठल्याही प्रकरणाशिवाय कळतो.

इथे तुर्की आणि मराठी पूर्ण जुळत नाहीत, हेही सांगायला हवं. आपला ‘ला’ बहुतेक वेळा सजीवांना लागतो. पुस्तकाला तो लागत नाही. आपण ‘पुस्तक वाचलं’ आणि ‘ते पुस्तक वाचलं’ म्हणून भागवतो. तुर्की मात्र पुस्तकालाही सोडत नाही : ‘किताप ओकुदुम’, पुस्तक वाचलं, म्हणजे वाचन केलं; ‘किताबी ओकुदुम’, ते पुस्तक वाचलं. पण इतकाच फरक शिकायचा असेल तर तो पाच मिनिटांचा आहे. सगळं नव्यानं शिकायचं असेल तर महिना जातो.

मालकीचे दोन दोरे

मालकीच्या प्रत्ययांकडे या. तुर्की मालिका डब न करता पाहणाऱ्यांना ‘जानिम’, ‘आश्किम’, ‘आनेम’ हे शब्द पाठ असतात. माझ्या जिवा, माझ्या प्रेमा, माझी आई. शेवटचा ‘म’ म्हणजे ‘माझा’. एव म्हणजे घर, एविम माझं घर, एविमिझ आमचं घर, एविमिझदेन आमच्या घरातून.

हा ‘म’ आपल्याला परका नाही. ‘बेगम’ हा शब्द घ्या. कोशकार त्याची फोड ‘बेग’ अधिक ‘माझा’ अशी देतात. तुर्की कुळातला हा मालकीचा प्रत्यय शतकानुशतकं मराठी तोंडात आहे, आणि त्याच्यावर आपण आपला प्रत्यय चढवून बेधडक ‘बेगमेचा महाल’ म्हणतो. बाबरानं आपल्या आठवणी लिहिल्या त्या चगताई तुर्कीत. म्हणजे या कुळाची एक भाषा हिंदुस्थानात राहून लिहिली गेली आहे. तिला चंद्रावरून आलेली समजायचं कारण नाही.

आता ‘अलीचं घर’ : ‘अलिनिन एवी’. अलीलाही प्रत्यय, घरालाही प्रत्यय. ‘अलीचं घर-त्याचं’ असं काहीसं. इथे मराठी खरोखर वेगळी वागते. आपल्याकडे दोर एकच असतो, पण तो वळतो : अलीचा भाऊ, अलीची आई, अलीचं घर, अलीच्या घरात. मालकाचं रूप मालमत्तेच्या लिंग-वचनाकडे बघून बदलतं. तुर्कीत लिंग नाहीच. तो, ती, ते सगळ्यांना एकच ‘ओ’. त्यामुळे तिथे वळायला काही नाही, पण दोन्ही टोकांना गाठ मारावी लागते.

ही गाठ नावांतही सुटत नाही. इस्तंबूलच्या पाट्यांवर ‘इस्तांबुल युनिवेरसितेसी’ लिहिलेलं असतं, ‘इस्तिकलाल जाद्देसी’ लिहिलेलं असतं. शेवटचा ‘सी’ म्हणजे तोच मालमत्तेवरचा प्रत्यय. आपण ‘मुंबई विद्यापीठ’ म्हणतो आणि काहीच लावत नाही. तुर्की माणूस विद्यापीठालाही सांगून ठेवतो की तू कुणाचं तरी आहेस.

लेगोच्या भिंतीला तडे

आता ‘अपवाद नाहीत’ या वाक्याकडे. एकच रूप तपासू : ‘एवलेरी’. याचे अर्थ किती?

एक, ‘ती घरं’, कर्म म्हणून. दोन, ‘त्याची घरं’. तीन, ‘त्यांचं घर’. चार, ‘त्यांची घरं’. चार अर्थ, एक रूप. चौथ्या अर्थात खरं तर ‘लेर’ दोनदा यायला हवा होता, एक घरांचा आणि एक ‘त्यां’चा. तुर्की एकावर भागवते. ठोकळे जर नेहमी मोजून बसत असतील तर हा एक ठोकळा गेला कुठे?

‘एविन’ म्हणजे ‘घराचा’ आणि ‘एविन’ म्हणजे ‘तुझं घर’. ‘एविन्दे’ म्हणजे तुझ्या घरात, किंवा त्याच्या घरात. दुसऱ्या अर्थात मध्ये एक आगंतुक ‘न’ येऊन बसलेला असतो, जो नुसत्या ‘एवदे’त नव्हता. मग तुर्की लोकांचा रोज गोंधळ होतो का? होत नाही. संदर्भ असतो, पुढे-मागे शब्द असतात, आणि फारच अडलं तर ते स्पष्ट ‘तुझं’ म्हणतात. जगातली प्रत्येक भाषा असंच करते.

शब्दांचे मुडपेही आहेत. ‘बुरुन’ म्हणजे नाक, पण माझं नाक ‘बुरनुम’. मधला उ गळाला. आपला ‘माणूस’ ‘माणसाला’ होताना हेच करतो. ‘सु’ म्हणजे पाणी, आणि पाण्याचं रूप इतर स्वरान्त शब्दांसारखं होत नाही, ते आडवळणानं ‘सुयुन’ होतं. ‘बेन’ म्हणजे मी, पण मला म्हणजे ‘बेने’ नाही, ‘बाना’. प्रत्ययाचा स्वर शब्दातल्या स्वराशी जुळवून घेतो, म्हणून ‘एवदे’ पण ‘ओकुलदा’, शाळेत. हा तुर्कीचा सगळ्यात सुंदर नियम, आणि तोही अरबीतून आलेल्या ‘सात’पाशी, म्हणजे तास किंवा घड्याळ या शब्दापाशी, अडखळतो.

तरीही मान्य करायला हवं : तुर्की बरीच नियमित आहे. नामांचे लिंगानुसार गट नाहीत, प्रत्ययांचा एकच संच सगळ्यांना चालतो. शिकणाऱ्याला यात आनंद होतो आणि तो खरा आनंद आहे. पण बरीच नियमित असणं वेगळं आणि एखाद्या समितीनं बसून आखलेलं असणं वेगळं. मंगोलियात ओरखोन खोऱ्यात इ.स. 732 साली उभारलेला क्युल तेगिनचा शिलालेख आहे. त्याच्या तुर्कीत ‘-दा’ हा एकच प्रत्यय ‘मध्ये’ आणि ‘पासून’ ही दोन्ही कामं करत होता. वेगळा ‘-दान’ नंतर स्थिरावला. त्याच कुळातल्या उझबेकमध्ये रोजच्या बोलण्यात ‘चा’चा प्रत्यय झिजून ‘ला’च्या प्रत्ययासारखा ऐकू येतो. सैबेरियातल्या साखा भाषेनं मालकाला लागणारा प्रत्यय टाकूनच दिला, फक्त मालमत्तेवरचा ठेवला. भाषा जिवंत असली की ती झिजते, वळते, उसनं घेते. लेगो झिजत नाही.

ही स्तुती आली कुठून?

‘तुर्की व्याकरण म्हणजे विद्वानांच्या एखाद्या मंडळानं ठरवून केल्यासारखं’ अशा अर्थाचं कौतुक 1861 सालीच झालेलं आहे. करणारे होते मॅक्स म्युल्लर, लंडनमधल्या भाषाविज्ञानावरच्या व्याख्यानांत. आपल्याला ते वेदांचे संपादक म्हणून माहीत.

पण याच म्युल्लरसाहेबांनी भाषांचे मजलेही पाडले होते. एका टोकाला चिनीसारख्या, ज्यांत शब्द सुटे. मधे तुर्कीसारख्या, ज्यांत प्रत्यय चिकटतात पण मूळ शब्द ओळखू येतो. या भटक्या टोळ्यांच्या भाषा. आणि वर संस्कृत-ग्रीकसारख्या, ज्यांत धातू आणि प्रत्यय विरघळून एक होतात. या राज्यं उभारणाऱ्या लोकांच्या. भटक्यांना, म्हणे, शब्दाचा गाभा उघडा ठेवावा लागतो, नाहीतर दूरच्या टोळीला कळणार नाही. मधल्या मजल्याला त्यांनी ‘तुराणी’ नाव दिलं आणि त्या पोत्यात कन्नड, तेलुगू, तमिळही भरल्या. ऑगस्ट श्लायशर यांनीही असाच तीन पायऱ्यांचा जिना मांडला होता.

म्हणजे ‘किती स्वच्छ, किती यांत्रिक’ ही शाबासकी आणि ‘तुमची पायरी मधली’ हा निकाल एकाच तोंडातून, एकाच काळात आले. आजच्या भाषाशास्त्रानं तो जिना कधीच मोडीत काढला. शाबासकी तेवढी रीलमध्ये उरली. एखाद्या लोकांची भाषा यंत्रासारखी आहे असं म्हणणं कौतुक वाटतं, पण त्यात त्या लोकांनी हजारेक वर्षं केलेलं बोलणं, भांडणं, विनोद आणि शॉर्टकट पुसले जातात.

आणि कृपा करून दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. वरची साम्यं वाचून कुणीतरी ‘मराठी आणि तुर्की बहिणी’ असा फॉरवर्ड बनवेल. त्या बहिणी नाहीत. मराठी भारत-युरोपीय कुळातली, तुर्की तुर्किक कुळातली. क्रियापद वाक्याच्या शेवटी ठेवणाऱ्या भाषांत ‘साठी’, ‘मध्ये’ असे शब्द बहुधा नामाच्या मागे येतात; जपानीतही येतात, कन्नडमध्येही येतात. साम्य घडणीचं आहे, रक्ताचं नाही. आणि शिकायला घडणच उपयोगी पडते.

आपलं कोष्टक

मग मराठी मुलाला हे दिसत का नाही? इंग्रजी ॲपवर सगळा दोष टाकून मी मोकळा होणार नाही. अर्धा दोष आपल्या शाळेचा आहे.

आपण विभक्ती शिकलो त्या कोष्टकात. द्वितीया : स, ला, ते. चतुर्थी : स, ला, ते. दोन्ही घरांत तेच पाहुणे. ‘रामाते’ असं शेवटचं कोण कधी म्हणालं होतं? संस्कृतमध्ये या दोन विभक्तींची रूपं वेगळी होती, म्हणून तिथे दोन घरं होती. मराठीत ती एक झाली, पण कोष्टकातली भिंत पाडायची हिंमत नाही. उलट ‘साठी’, ‘पेक्षा’, ‘वर’, ‘कडे’ हे खरे राबणारे शब्द ‘शब्दयोगी अव्यय’ म्हणून दुसऱ्या प्रकरणात. आणि मराठी नामाचा खरा चमत्कार, ते सामान्यरूप, जे ‘घोडा’चं ‘घोड्या’ करतं आणि ज्याशिवाय एकही प्रत्यय लागत नाही, ते बहुतेकांनी एका गुणाच्या प्रश्नापुरतं पाठ केलं. पुढे स्पर्धा परीक्षेच्या गाइडमध्ये तेच कोष्टक पुन्हा भेटतं, पुन्हा घोकलं जातं. असं शिकलेल्या मुलाला आपली भाषा गोंधळाची वाटली तर नवल काय?

तुर्की शाळांत नामाच्या पाच अवस्था शिकवतात. त्यांची चलतीतली नावं बघा : साधी अवस्था, ‘इ’ची अवस्था, ‘ए’ची अवस्था, ‘दे’ची अवस्था, ‘देन’ची अवस्था. क्रमांक नाहीत, कुणा जुन्या भाषेच्या खुंट्या नाहीत. कानाला जे ऐकू येतं तेच नाव. मालकीचा प्रत्यय या यादीत सहसा घेत नाहीत. तो दोन नामांची जोडी बांधतो म्हणून त्याला वेगळा धडा. यावरही तिथे वाद असतील, पण पद्धत तोंडातल्या भाषेपासून सुरू होते. आपण ‘ला-विभक्ती’, ‘हून-विभक्ती’ का म्हणू शकत नाही? ‘पंचमी’ ऐकून मुलाला नाग आठवतो. ‘हून-विभक्ती’ ऐकून ‘पुण्याहून’ आठवेल, ‘माझ्याहून’ आठवेल, आणि दोन्हींत तोच ‘हून’ आहे हे आपोआप दिसेल.

कुणी म्हणेल, इंग्रजीत साहित्य भरपूर आहे, मराठीत नाही, मग इलाज काय? साहित्य इंग्रजीत असलं म्हणून विचार इंग्रजीतूनच करावा लागतो असं नाही. धडा इंग्रजीत वाचा, पण वहीत उत्तर मराठीत लिहा. ‘एविमिझदेन’समोर ‘आमच्या घरातून’ लिहा. जिथे जुळतं तिथे टिक करा आणि पुढे जा. जिथे जुळत नाही, म्हणजे पुस्तकाला लागणारा ‘इ’, मालमत्तेवरची गाठ, आगंतुक ‘न’, तिथेच वेळ घालवा. ही न जुळणाऱ्या गोष्टींची यादी दोन पानांत मावेल, आणि ती दोन पानं म्हणजे मराठी माणसासाठीचं तुर्कीचं खरं पुस्तक असेल. कोरियन, जपानी शिकणाऱ्यांनीही हेच करून बघावं. तिथेही बरीच टिका जमतील.

अशी वही केलीत तर ती फोनमध्ये ठेवू नका, टाका कुठेतरी, इतरांना मिळू दे. पुढच्या वेळी कुणी तो चेकोस्लोवाकियावाला शब्द पाठवला तर त्याला उलट एकच शब्द पाठवा : ‘आमच्याकडच्यांनासुद्धा’. आणि म्हणा, मोज तुकडे.